कॅलेंडरचा फंडा: डे, वीक की मंथ?

ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये वरच्या पट्टीवर तीन शब्द गुपचूप बसलेले असतात. डे, वीक, मंथ. जॉइन झाल्याच्या पहिल्या दिवशी आयटीवाल्याने जो व्ह्यू उघडून दिला, त्याच व्ह्यूमध्ये माणसं थेट प्रमोशनपर्यंत राहतात. मोबाइलचा वॉलपेपर आठवड्याला बदलतील, हेअरस्टाइल महिन्याला बदलतील, पण कॅलेंडरचा व्ह्यू? छे! ‘त्यात काय बदलायचं, मीटिंग्ज त्याच ना?’

मीटिंग्ज त्याच, कबूल. पण बॉस, दिसतं ते वेगळं! आणि जे दिसतं त्यावरच आपण ‘हो, चालेल, टाक ना मीटिंग’ म्हणून मोकळे होतो. डेवाल्याला उद्याचा पत्ता नसतो. मंथवाल्याला दुपारी तीनला काय आहे ते कळत नाही. आणि वीकवाले? त्यांना सगळं थोडं थोडं कळतं, म्हणून ते सतत टेन्शनमध्ये!

आधी कीबोर्डचं बघून टाकू, म्हणजे पुढचं वाचता वाचता करून बघता येईल. आउटलूकमध्ये कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबून १ दाबलं की दिवस, २ दाबलं की कामाचा आठवडा, ३ ला पूर्ण आठवडा, ४ ला महिना. गूगल कॅलेंडरमध्ये सेटिंगमधून शॉर्टकट्स चालू केलेत, की नुसतं डी, डब्ल्यू, एम. भरकटलात की टी, म्हणजे टुडे, सरळ आजच्या दिवसावर. क्लासिक आउटलूकमध्ये कंट्रोल जी दाबून येणाऱ्या चौकटीत तारखेऐवजी ‘नेक्स्ट फ्रायडे’ असं इंग्रजीत टाइप केलं तरी ते बरोब्बर तिथे नेतं. हे पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण ‘ए सही!’ म्हणतो, ही माझी गॅरंटी.

आता डे व्ह्यू. ह्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो वेळेची लांबी खरी दाखवतो. पंधरा मिनिटांचं स्टँडअप बोटभर, तीन तासांचं वर्कशॉप हातभर. गूगलमध्ये तर ‘आत्ता’ची एक लाल रेघ हळूहळू खाली सरकत असते. लंचच्या वेळी ती रेघ बघत बसू नका, जेवण गोड लागत नाही. क्लासिक आउटलूकमध्ये डावीकडच्या वेळेच्या पट्टीवर राइट क्लिक केलंत, तर दिवसाचे तुकडे किती बारीक करायचे ते ठरवता येतं. ६० मिनिटांपासून ३०, १५, १०, ६ आणि ५ पर्यंत. सहाच मिनिटांचे तुकडे कोणाला हवे असतील, असा प्रश्न पडला ना? परदेशातल्या वकील मंडळींना! तिकडे तासाचे दहा भाग करून बिल लावायची पद्धत आहे.

पण डे व्ह्यूची एक गोची आहे. तो तुम्हाला तुकडे देतो आणि मग तुम्ही ते तुकडे भरत बसता. आउटलूकमध्ये नवी अपॉइंटमेंट उघडली की ती अर्ध्या तासाची असते, गूगलमध्ये इव्हेंट तासाचा असतो. ते कोणी बदलत नाही. मग वीस मिनिटांत संपणारी गोष्टही तासभर चालते. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने १९५५ मध्येच ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून ठेवलंय, की कामाला जेवढा वेळ द्याल तेवढं ते फुगतं. त्याने आपली सोमवारची रिव्ह्यू मीटिंग बघितली असती, तर लेखाला दुसरा भाग जोडला असता.

ह्यावर दोन्हीकडे इलाज आहे. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘स्पीडी मीटिंग्ज’वर टिक केलंत, की अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची होते. आउटलूकच्या ऑप्शन्समध्येही तशीच सोय आहे आणि तिथे आणखी एक पर्याय मिळतो: मीटिंग लवकर संपवायची की उशिरा सुरू करायची. माझं प्रामाणिक मत, ‘उशिरा सुरू’ निवडा. आपल्याकडे मीटिंग वेळेवर संपवणारा माणूस अजून जन्मायचाय. पण पाच मिनिटं उशिरा सुरू करायला सगळेच एका पायावर तयार!

पॉल ग्रॅहम ह्या प्रोग्रॅमरने जुलै २००९ मध्ये एक निबंध लिहिला होता. मॅनेजरचा दिवस तासातासाचा असतो आणि काहीतरी बनवणाऱ्यांचा, म्हणजे प्रोग्रॅमर किंवा लेखकांचा, अर्ध्या दिवसाचा, असा त्याचा मुद्दा. मॅनेजरच्या दृष्टीने ११ ची मीटिंग म्हणजे एक तास गेला. कोड लिहिणाऱ्याची आख्खी सकाळ गेली! कारण दहाला कामाला हात घालावा तर ‘आता कशाला, तासात उठायचंच आहे’. डे व्ह्यूची ही तासाची जाळी मुळात मॅनेजरच्या दिवसाची आहे, आपण सगळे तिच्यात बसलोय. तिच्यातली पांढरी जागा तुम्हाला ‘माझा काम करायचा वेळ’ वाटते. समोरच्याला ती ‘रिकामा आहे, घाला मीटिंग’ अशी दिसते. म्हणून कामाचा वेळसुद्धा कॅलेंडरवर टाकावा लागतो. गूगलच्या बऱ्याच ऑफिस अकाउंट्समध्ये २०२१ पासून ‘फोकस टाइम’ नावाचा प्रकार आहे. तो त्या वेळात आलेली आमंत्रणं आपणहून नाकारू शकतो. नाही म्हणायला जड जातं ना? मशीनला सांगा.

वीक व्ह्यूकडे वळू, कारण खरा सिनेमा तिथे आहे.

आउटलूकमध्ये आठवडे दोन, हे आधी लक्षात घ्या. ‘वर्क वीक’ आणि ‘वीक’. वर्क वीकमध्ये शनिवार-रविवार गायब. पाश्चात्य ऑफिसात ठीक आहे, आपल्याकडे शनिवारचा केवढा घोळ! बँका सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. राज्य सरकारच्या ऑफिसांना फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. प्रायव्हेटमध्ये ज्याची त्याची रीत. आता कॅलेंडरला ‘एक सोडून एक शनिवार’ ही भानगड सांगायची सोयच नाही. शनिवार कामाचा म्हणून टिक करा, नाहीतर काढून टाका. बरेच जण काढून टाकतात. मग शनिवारी सकाळची क्लायंट व्हिजिट कॅलेंडरमध्ये असूनही स्क्रीनवर दिसत नाही आणि शुक्रवारी रात्री लोणावळ्याचा प्लॅन ठरतो. सोमवारी ऑफिसात ‘मला दिसलंच नाही!’ म्हणणारा माणूस अगदी खरं बोलत असतो. त्यामुळे निदान शुक्रवारी दुपारी एकदा कंट्रोल, आल्ट, ३.

वीक व्ह्यूमध्येच टाइम झोनचा दुसरा कॉलम लावता येतो. आउटलूक आणि गूगल दोन्हीत. हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई ह्या भागांत काम करणाऱ्यांनी तो लावलेला नसेल तर आजच लावा. कारण घड्याळ आपण कधी हलवत नाही, पण क्लायंट हलवतो! अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २००७ पासून हाच नियम. म्हणजे न्यूयॉर्कची सकाळी ११ ची मीटिंग तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला. ब्रिटनचं वेगळंच. त्यांचा मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात, की अमेरिका हललेली असते, लंडन हललेलं नसतं आणि तिघांच्या कॉलवर कोणीतरी एक तासभर एकटाच ‘हॅलो, ॲम आय ऑडिबल?’ करत बसतो.

(तसे आपणही फार साळसूद नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई १९५५ पर्यंत स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ वापरत होती, देशाच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा आउटलूक नव्हतं ही देवाची कृपा.)

ह्यातली मेख एकच. रिकरिंग मीटिंग कोणी बनवली, ते बघा. अमेरिकेतल्या माणसाने त्याच्या वेळेत बनवली, तर त्याचे अकरा कायम अकराच राहतात आणि तुमचं जेवण सरकतं. तुम्ही भारतीय वेळेत बनवली, तर तुमचे साडेआठ पक्के आणि त्याची मीटिंग सरकते. म्हणजे आमंत्रण कोण पाठवतो ह्या साध्या गोष्टीवर चार महिन्यांच्या संध्याकाळी ठरतात. आपण मात्र कौतुकाने म्हणतो, ‘तूच पाठव ना इन्व्हाइट!’

माझ्या एका मैत्रिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं सांगते. ती हिंजवडीत, प्रोजेक्ट अमेरिकेचं. रोज रात्री साडेआठचा तासाभराचा कॉल, सोमवार ते शुक्रवार. तो खराडीत, प्रोजेक्ट सिडनीचं. सिडनीचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. तो घरूनच लॉगिन करतो, पण उठायचं पाचच्या आत. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत. भांडणं? अजिबात नाहीत. भांडायला दोघं एका वेळी जागी तर हवीत!

आता गंमत बघा, म्हणजे त्यांच्यासाठी गंमत नाहीच. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं घड्याळ मागे जातं, तिचा कॉल साडेनऊला सरकतो आणि साडेदहाला संपतो. आणि ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा! सिडनीचं घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीच पुढे गेलेलं असतं, म्हणजे त्याचे साडेपाचचे साडेचार झालेले. तिची रात्र तासभर लांबली, त्याची पहाट तासभर अलीकडे आली. जगाच्या दोन टोकांनी ह्यांच्याच झोपेची दोन टोकं कापली. हे मार्चपर्यंत चालतं. पहिल्या हिवाळ्यात दोघांना वाटलं, की आपलंच काहीतरी बिनसलंय. दोघंही चिडचिडी, जेवण वेगवेगळं, बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठीवर. त्याच्या आईने एकदा विचारलं, ‘काय गं, ठीक आहे ना सगळं तुमचं?’ तर ही रडायलाच लागली.

मग एका रविवारी तिने दोघांची कॅलेंडरं एकावर एक टाकून बघितली. एकत्र दाखवायची ही सोय गूगलमध्येही आहे आणि आउटलूकमध्येही, तिथे तिला ‘ओव्हरले’ म्हणतात. अडचण अशी, की ऑफिसची कॅलेंडरं बाहेर शेअर करायला दोन्ही कंपन्यांची मनाई. म्हणून तिने घरच्या अकाउंटवर तिसरं कॅलेंडर काढलं आणि त्यात विषय, क्लायंट काही न लिहिता नुसते ‘बिझी’चे ठोकळे टाकले. दोघांची झोपही टाकली, तिचा निळा, त्याचा पिवळा. वीक व्ह्यू उघडला तर सोमवार ते शुक्रवार दोघांना मिळून मोकळा असा पांढरा वेळ होता संध्याकाळी सात ते साडेआठ. त्यात तिची बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये.

‘निदान कळलं तरी, की प्रॉब्लेम आमच्यात नाहीये, वेळापत्रकात आहे,’ ती म्हणाली. माझ्या मते हे कुठल्याही काउन्सेलरने एवढ्या पटकन सांगितलं नसतं.

डे व्ह्यूमध्ये हे दिसलं नसतं, कारण एक दिवस कसाही निभतो. मंथ व्ह्यूमध्येही नाही. तिथे तिचा रात्रीचा कॉल ही नुसती एक ओळ. मंथ व्ह्यू लांबी लपवतो, हे त्याचं मोठं पाप. दहा मिनिटांचा फोन आणि चार तासांचं अप्रेझल, दोन्ही सारख्याच उंचीच्या ओळी. तीन-चारच्या वर गेल्या की गूगल ‘अजून २’ असं म्हणून बाकीच्या झाकून टाकतं. ती झाकलेलीच महत्त्वाची निघते, हा निसर्गनियम.

पण महिना बघायची सवय आपल्या लोकांना जन्मजात आहे. आपण ‘कालनिर्णय’च्या घरात वाढलो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केलं, तेव्हापासून मराठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मंथ व्ह्यू लटकतोय. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, संकष्टीचा चंद्रोदय, सगळं एका चौकटीत. मी एकदा हौसेने आईला फोनमधलं कॅलेंडर दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे गं. पण दूध नाही आलं तर फुली कुठे मारायची?’ ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक फरक तुमच्या लक्षात आलाय का? कालनिर्णयात वार डावीकडे उभे, रविवारपासून खाली. कॅलेंडर सॉफ्टवेअरमध्ये वार वर आडवे. भिंतीवर आठवडा खाली उतरतो, स्क्रीनवर तो उजवीकडे चालतो. त्यात गूगलवाल्या एकाचा आठवडा रविवारी सुरू आणि शेजारच्याचा सोमवारी, कारण तीही सेटिंगच. ‘ती डावीकडून तिसऱ्या खान्यातली मीटिंग’ असं फोनवर सांगू नका म्हणजे झालं.

मंथ व्ह्यूचा दुसरा त्रास महिनाअखेरीस कळतो. २८ तारखेला महिना उघडला, की स्क्रीनभर होऊन गेलेले दिवस. डेडलाइन पुढच्या तीन तारखेला असते आणि ती तळाशी कुठेतरी फिकट अक्षरात. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘कस्टम व्ह्यू’ आहे, तो चार आठवड्यांवर ठेवा आणि एक्स दाबा. क्लासिक आउटलूकमध्ये बाजूच्या छोट्या कॅलेंडरवर हवे तेवढे आठवडे माऊसने ओढून निवडा, महिन्याची भिंत आडवी येत नाही. त्या छोट्या कॅलेंडरात ज्या तारखा ठळक दिसतात, त्या दिवशी काहीतरी आहे. ठळक नसलेली तारीख दिसली की आधी रजा टाका, मग विचार करा.

रजेवरून आठवलं. हे मात्र नीट वाचा. आउटलूकमध्ये रजा म्हणून ‘ऑल डे’ इव्हेंट टाकला, की वर छान पट्टी दिसते आणि आपण निश्चिंत होतो. पण ऑल डे इव्हेंट मुळात ‘फ्री’ म्हणून नोंदला जातो! तुम्हाला दिसतं ‘सांगली, दादाचं लग्न’. मीटिंग ठरवणाऱ्याला दिसतं, की हा माणूस दिवसभर मोकळा. माझ्या ओळखीतल्या एकाला हळदीच्या दिवशी तीन आमंत्रणं आली आणि ‘तू फ्री दिसत होतास’ हे वर ऐकवलं गेलं. ‘शो ॲज’मध्ये जाऊन ‘आउट ऑफ ऑफिस’ करा. दोन क्लिक्स आहेत.

आणि नाव काय देताय तेही बघा. बऱ्याच ऑफिसांत सहकाऱ्यांना तुमच्या नोंदींची नावंसुद्धा दिसतात. त्यात प्रोजेक्टरवर मंथ व्ह्यू उघडला, तर आख्ख्या टीमला तुमचा महिना वाचायला मिळतो. ‘गायनॅक ५.३०’ किंवा ‘दुसरा राउंड, नवी कंपनी’ हे असं कळू नये. नोंद ‘प्रायव्हेट’ केली की लोकांना तुम्ही बिझी आहात एवढंच दिसतं, कारण दिसत नाही. तरी तुमचं कॅलेंडर सांभाळायला ज्याला अधिकार दिलेत, त्याला काय दिसतं ते तपासून घ्या. आणि स्क्रीन शेअर करण्याआधी सरळ डे व्ह्यूवर या. आजचा दिवस लोकांना माहीतच असतो.

तर ती मैत्रीण. तिने मॅनेजरला भेटून वीक व्ह्यूचा प्रिंटआउट दाखवला, टाइम झोनच्या दोन कॉलम्ससकट. विनंती होती, कॉल न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला घ्या, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला. क्लायंट पाचही दिवसांना नाही म्हणाला. नऊला त्यांची मुलं शाळेत सोडायची असतात, आणि तेही खरंच. शेवटी मंगळवार आणि गुरुवारचा कॉल रद्दच झाला, त्याऐवजी लेखी अपडेट जातो. रिकरिंग मीटिंगला आधी शेवटची तारीखच नव्हती, आता ती प्रोजेक्टच्या तारखेपर्यंतच आहे. नवऱ्याची पहाट होती तिथेच आहे, सिडनी काही ऐकत नाही. पण आठवड्यातून दोनदा ती ट्रॅफिकच्या आधी निघते आणि दोघं साडेसातला एकत्र जेवतात. तिच्या स्क्रीनवर महिनाभर दोन उभे पांढरे पट्टे दिसतात. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मंगळवार आणि गुरुवारच्या आडव्या ओळींत पेनाने खुणा केल्या आणि सांगितलं, ‘ह्या दोन दिवशी मी फोन नाही करणार हो.’